उजवा कान घरासाठी

३ मार्च, मंगळवार

लाँड्रीतल्या बडबडीने आज ते माझ्या फोनमध्ये घातलंच! पॉडकास्ट. "रेडिओच समज गं. फक्त तू म्हणशील तेव्हा सुरू, तू म्हणशील तेव्हा गप्प. घरात तुझं इतकं ऐकणारं दुसरं कोण आहे?" — कुणी नाही बाई.

मला हसूच येत होतं. लाँड्रीत तिच्यासमोर उभं राहून मी इतकी वर्षं चादरींच्या घड्या घालतेय. हॉटेलच्या मोठ्या चादरी, एकटीला आवरतच नाहीत. दोन कोपरे तिचे, दोन माझे. आणि घडीबरोबर तिची सासू, तिचा गुडघा, तिच्या भावाची दुसरी बायको, सगळं फुकट ऐकायला. आता हीच म्हणते, "मला दुसऱ्यांचं ऐकायचंय, माझं सगळं बोलून झालं." बडबडीचं बोलून झालं! लाँड्रीत पेढे — नको, साबण वाटायला हवा.

सुपरवायझरबाईंनी परवानगी दिली. अट एकच. "एक कान उघडा ठेवायचा. मागून ट्रॉल्या येतात. कुणाचा पाय गेला तर मला सांगू नका." त्यांना कशाला सांगू? पाय गेलेलीला बोंबलायलाच वेळ पुरणार नाही.

मोठ्या मुलाने त्याचे जुने इअरबड दिले. बारा वर्षांचा आहे, पण मला शिकवताना आवाज असा काढतो की मीच त्याची मुलगी. "आई, इथे दाब. नाही, इथे. आई, लक्ष दे ना!"

५ मार्च, गुरुवार

संध्याकाळी घरी पहिल्यांदा लावलं. मी ओट्यापाशी उभी राहिले की दार, हॉल, न्हाणीघर, मुलं — सगळं उजव्या हाताला येतं. म्हणून ठरवून टाकलं: डावा कान पॉडकास्टचा, उजवा घराचा. भावाभावांत होत नाही इतकी सरळ वाटणी!

कार्यक्रम कसा निवडायचा हेच कळेना. "श्रीमंत व्हा", "बारीक व्हा", "पहाटे उठा". म्हणजे इथेही मी जशी आहे तशी कुणाला नकोच आहे. मग एक सापडला. कुणी बाई जंगल खात्यात नोकरीला होत्या, त्या नुसत्या आठवणी सांगतात. उपदेश नाही, काही नाही. आज अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन ओढा कशी ओलांडते ते सांगितलं. कांदा चिरून कधी झाला कळलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

वॉशिंग मशीन थांबल्यावर केवढं कोकलतं. आज ऐकूच आलं नाही. कपडे तसेच पडून. इतकी गुंगले!

९ मार्च, सोमवार

सकाळी गजर वाजला आणि मी आपली ढिम्म. भुंग्याने उठवलं. पाच वर्षांच्या मुलीने आईला उठवायचं! हिला भुंगा म्हणतो कारण ही तोंड मिटून सतत काहीतरी गुणगुणत असते. हल्ली माझ्या डाव्या बाजूला झोपते, म्हणून मी तिच्याकडे तोंड करून झोपते. छान झोप लागते खरी. पण गजर न ऐकण्याइतकी?

धावपळ. मोठ्याचा डबा राहिला. ह्यांनी जाता जाता शाळेत पोचवला. हे लिफ्ट दुरुस्तीला जातात, कुठे कुणी अडकलं की पळायचं. त्यात हा मी विसरलेला डबा. "होतं कधी कधी," एवढंच म्हणाले. पण हे "होतं कधी कधी" म्हणतात ना, तेव्हा मला वाटतं की मोजताहेत.

१० मार्च, मंगळवार

खरं लिहायचं तर मला ते फार आवडतंय. भांडी घासताना जंगलातल्या बाई सुरू केल्या की घर एकदम शांत होतं. भांडणं नाहीत, टीव्ही नाही, नळाचं पाणी नाही. फक्त त्या आणि मी. इतकं सुख मला आजवर भांडी घासताना कधी मिळालं नव्हतं!

आणि लगेच चोरून काही खाल्ल्यासारखं वाटतं.

१४ मार्च, शनिवार

बडबडीच्या आग्रहाने एक आईपणाचा कार्यक्रम ऐकला. त्यातल्या बाईंचा आवाज मधाळ आहे. इतका, की शेवटी घसा खवखवतो. "शरीर घरात आणि मन बाहेर, हे मुलं बरोब्बर ओळखतात बरं का." मधाळबाई असं म्हणाल्या आणि माझ्या हातातली चादर सुटली. बडबडी ओरडली, "कोपरा धर की!"

मन बाहेर! माझं मन जंगलात असतं. अस्वलिणीबरोबर.

घरी येऊन भुंग्याला विचारलं, "मी तुझं ऐकते ना गं?" ती म्हणाली, "ऐकतेस. पण तुझ्या तोंडासमोर येऊन सांगावं लागतं." आणि गेली गुणगुणत.

मधाळबाईंचा पुढचा भाग ऐकू की नको? ऐकला तर भीती, नाही ऐकला तर काय चुकतंय ते कळणार कसं!

१५ मार्च, रविवार

ऐकला. नसता ऐकला तर बरं झालं असतं.

१७ मार्च, मंगळवार



मोठा क्लासला गेला होता. हे कामावर. मी ओट्यापाशी, नळ सुरू, डाव्या कानात इअरबड. भुंगा हॉलमध्ये चित्र काढतेय असं धरून चाललेले. आणि एकदम समोरचे काका माझ्यापुढे उभे! स्वयंपाकघरात! मी किंचाळले. ते म्हणाले, "अहो, पोरगी केव्हाची ओरडतेय! मी बेल वाजवली, दार ठोठावलं. शेवटी दार ढकलून आलो."

भुंगा न्हाणीघरात अडकली होती. कडी आतून बसली ती तिला निघेना. काकांनी बाहेरून पट्टी घालून कडी उचलली. दार उघडलं तर ती कोपऱ्यात, बादलीला चिकटून. रडून रडून आवाज बसलेला. भुंग्याचा आवाज! माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, मी किती हाका मारल्या."

किती हाका मारल्या.

मी न्हाणीघरापासून चार पावलांवर होते. उजवा कान उघडा होता. मुद्दाम उघडा ठेवला होता! दोघींच्या मध्ये काय, तर एक पातळ दार. काकांना त्यांच्या घरात ऐकू गेलं, आणि मला माझ्या घरात नाही.

काका जाताना नुसतं माझ्या कानातल्या इअरबडकडे बघून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मार्च, बुधवार

ह्यांना काकांनीच सांगितलं. मी सांगायच्या आत. ह्यांनी न्हाणीघराची कडी काढून ठेवली.

१९ मार्च, गुरुवार

कानाला खडा! इअरबड मोठ्याला परत केले. म्हणाला, "आई, असं टोकाला कशाला जातेस? आवाज कमी ठेव." आवाजाचा प्रश्न नाही रे बाबा. माझाच आहे. एक कान रिकामा असूनही मला ऐकू आलं नाही, म्हणजे मीच तिथे नव्हते. मधाळबाई अगदी हेच सांगत होत्या.

बडबडीला सांगितलं, पुन्हा बोलायला लाग. "आता कुठून आणू विषय?" म्हणाली. तरी बिचारीने गुडघ्यापासून सुरुवात केली.

२२ मार्च, रविवार

आज तर इअरबड नव्हते. फोनसुद्धा घरी ठेवला होता!

बागेत गेलो, मी आणि दोघं. मोठा सायकलवर. भुंगा झाडामागे लपली आणि "आई!" म्हणून हाक मारली. ऐकू आली. छान, स्पष्ट ऐकू आली! मी वळले. तिथे नव्हती. पुन्हा "आई!" मी त्याच बाजूला आणखी पुढे गेले, कुंपणापर्यंत. ती ओरडतेय, "इकडे! इकडे!" आणि मला कळेचना की इकडे म्हणजे कुठे. मी गोल गोल फिरतेय. बाकावरची एक बाई म्हणाली, "अहो, ती काय तुमच्या उजव्या बाजूला. केव्हाची हात करतेय."

भुंग्याला वाटलं मी गंमत करतेय. खिदळत होती. मी पण हसले. कपाळाला घाम फुटला होता.

पॉडकास्ट बंद केलं तरी हे होतंय. म्हणजे पॉडकास्टने माझं काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलंय, की मी आधीपासूनच अशी आहे? स्वतःच्या लेकराची हाक कुठून आली हे गायीला कळतं. मला नाही कळत!

२५ मार्च, बुधवार

ट्रॉली. मागून आली, उजवीकडून. ढकलणारा दोनदा ओरडला म्हणे, "बाजू, बाजू!" बडबडीने चादरीसकट मला ओढलं म्हणून वाचले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

सुपरवायझरबाईंनी बाजूला घेतलं. मला वाटलं, आता खरडपट्टी. पण त्या हळू आवाजात बोलल्या, ते जास्त वाईट. "घरी काही चाललंय का? तुमचं लक्ष नसतं हल्ली. हवी तर सुट्टी घ्या थोडी."

लक्ष, लक्ष, लक्ष! सगळ्यांना माझं लक्ष हवंय, आणि मी ते कुठे ठेवलंय तेच मला सापडत नाही.

२६ मार्च, गुरुवार

मूर्खासारखं ह्यांना ट्रॉलीचं सांगितलं. सांगायला नको होतं.

हे जेवण झाल्यावर म्हणाले, "एक बोलू का? चिडू नकोस." म्हणजे ठरलेलंच होतं. "भुंग्याची शाळा आता बंद होईल. सुट्टीत मोठा सायकलवर बाहेर, मी कामावर. तू आणि ती दोघीच घरात. माझी ताई म्हणतेय, दोन महिने तिकडे राहू दे. तुलाही जरा विश्रांती."

मी म्हटलं, "मला विश्रांती नकोय."

"मग काय हवंय?"

मी ताटं उचलायला लागले. मग हे जे म्हणाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला रागावून त्याचं वेगळं काही करता येणार नाही. म्हणाले, "मी लिफ्टमध्ये अडकलेल्यांना रोज बाहेर काढतो. आतला माणूस ओरडत असतो आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो. मला ते माझ्या घरात नकोय गं." आवाज भरून आला होता. राग असता तर मी भांडले असते.

२७ मार्च, शुक्रवार

हो म्हटलं.

२९ मार्च, रविवार

वन्संचा फोन. फोन नेहमीसारखा डाव्या कानाला धरला आणि उजव्या हाताने भाजी ढवळत ऐकत राहिले. वन्सं चांगल्या आहेत, हीच तर अडचण. वाईट असत्या तर मी दारात आडवी पडले असते. पण मोठं घर, अंगण, मांजर. स्वतः शिक्षिका होत्या, मूलबाळ नाही, भुंग्यावर जीव. "तू अजिबात काळजी करू नकोस गं. माझं दिवसभर दुसरं काम काय? तिच्याकडे लक्ष देणं."

दोन महिने! तिथे हाक मारली की कुणीतरी लगेच "ओ" देईल. आठवडाभरात तिला सवय होईल. मग इथे येऊन चार हाका कशाला मारायच्या, असं तिला वाटलं तर? मला ह्याचीच भीती वाटते. ती रडेल ह्याची नाही. ती रडणार नाही, ह्याची.

१ एप्रिल, बुधवार

कामावर बडबडीसमोर रडले. दोन्ही हातांत चादर, डोळे पुसायला तिसरा हात नाही. तिने आपल्या बाजूची चादर सोडली — हॉटेलची, पांढरी, धुतलेली, जमिनीवर! — आणि येऊन मला धरलं. "अगं, मला मुलं दोनच, पण सहा असल्यासारखी वाटतात. एकदा धाकट्याला मी बाजारात विसरून आले होते. आता तो मला विसरतो. फिटंफाट."

हसू आलं. पण ती विसरली होती. मी विसरले नव्हते. मी तिथेच होते!

२ एप्रिल, गुरुवार

भुंग्याची पिशवी भरायला घेतली. फ्रॉक, रंगाचे खडू, तिची उशी. ती बाजूला बसून मला एकेक वस्तू देत होती. मग एकदम विचारलं, "आई, मी जास्त हाका मारते म्हणून?"

"काय म्हणून?"

"आत्याकडे. मी कमी मारीन. एकदम गरज असली तरच मारीन."

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. काहीतरी मांजराचं बोलले वाटतं. नंतर न्हाणीघरात जाऊन बसले. कडी नाहीये तिथे, म्हणून दाराला पाठ लावून.

३ एप्रिल, शुक्रवार

काही लिहवत नाही.

४ एप्रिल, शनिवार

उद्या सकाळी हे तिला घेऊन निघणार.

दुपारी सोफ्यावर माझ्या मांडीत येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. गुणगुणत नव्हती. म्हणाली, "तुला एक गुपित सांगायचंय. बाबाला सांगायचं नाही. दादाला पण नाही." उजव्या बाजूने मानेला मिठी मारली, हाताचा पडदा केला आणि कानाला तोंड लावलं.

गरम श्वास लागला. गुदगुल्या झाल्या. मग तिने तोंड काढलं आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागली. म्हणजे मी काहीतरी म्हणायची वाट बघत होती.

"सांग ना," मी म्हटलं.

"सांगितलं की!"

मला वाटलं नुसतीच फुंकर मारतेय, लबाडी. म्हटलं पुन्हा सांग. पुन्हा तोंड लावलं. तिचे ओठ माझ्या कानाला लागत होते, हलत होते. नीट कळत होतं की हलताहेत. श्वास. बस. दुसरं काही नाही.

आता तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. "तू ऐकतच नाहीयेस." अगं बाई, ऐकतेय गं, जीव कानात आणून ऐकतेय! तिला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं, कुशीत घेऊन गप्प करायला, बाकी काही मनात नव्हतं. तिने रुसून, पण आता डाव्या बाजूने, शेवटचं एकदा सांगितलं.

"मी आत्याकडून रोज संध्याकाळी एक हाक मारीन. हळूच. तू गच्चीवर जाऊन ऐक."

अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

५ एप्रिल, रविवार

पिशवी दारात. हे गाडी बघायला खाली गेले होते. मोठ्याकडून इअरबड मागून घेतला, जंगलातल्या बाई लावल्या, आणि पहिल्यांदाच उजव्या कानात घातला. काही नाही. वाटलं, बिघडलाय. तोच काढून भुंग्याच्या कानात घातला. ती लगेच, "आई, कुणीतरी वाघाचं सांगतंय!" परत माझ्या उजव्या कानात. शुकशुकाट. डाव्यात — वाघ.

जिन्यात धावले. "अहो, वर या! ती नाही जाणार कुठे! कान गेलाय माझा, उजवा कान!" हे घाबरून तीन मजले पळत आले, तर मी पायरीवर बसून हसतेय आणि रडतेय. कान गेल्याचा इतका आनंद कुणाला झाला असेल का! उद्या डॉक्टर काय सांगतील देव जाणे, भीती वाटतेच आहे. पण माझं लक्ष होतं. सगळा वेळ तिच्याकडेच होतं.